विंडोज अपडेट नेट खातंय? अशी घाला मर्यादा
मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला आणि ऑनलाइन फॉर्म भरता भरताच दिवसाचा डेटा संपला, तर आधी विंडोज अपडेट तपासा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, विंडोज अपडेट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन आणि पुन्हा अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स या क्रमाने जा. तिथे ‘अ‍ॅब्सोल्यूट बँडविड्थ’ निवडून बॅकग्राउंड डाउनलोडला १ एमबीपीएसची मर्यादा घाला. मात्र यामुळे फक्त वेग कमी होतो. तासाला साधारण ४५० एमबी डेटा तरीही जाऊ शकतो. डेटाच वाचवायचा असेल तर त्या हॉटस्पॉटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. मग बहुतेक अपडेट्स आपोआप डाउनलोड होत नाहीत. पण अपडेट कायमचं बंद ठेवू नका. सुरक्षेची अपडेट्स दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी, आपल्याकडच्या रात्री येतात. ती वायफाय मिळेल तिथे घेऊन टाका.