पाण्यांतील धातूंची प्रकाशसाक्ष

पाण्यांत विरघळलेला धातू डोळ्यांस दिसत नाहीं आणि बहुधा जिभेसहि कळत नाहीं. जपानमधील मिनामाता येथें कारखान्याच्या सांडपाण्यांतून उपसागरांत गेलेला पारा माशांच्या शरीरांत सांठला आणि ते मासे खाणारीं कोळ्यांचीं कुटुंबें मज्जाविकारानें जर्जर झालीं. १९५६ सालीं त्या रोगाची अधिकृत नोंद झाली. अशा विषावर पहारा कोणी ठेवावा?

या पहारेकऱ्याचा शोध त्याहून जुना आहे. कांहीं पदार्थ अदृश्य किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतात. १८५२ सालीं केंब्रिजच्या जॉर्ज स्टोक्स यांनीं या गुणाची मीमांसा करून त्यास फ्ल्युओरेसन्स, म्हणजे अनुस्फुरण, हें नांव दिलें. १८६७ सालीं फ्रीड्रिख गोपेल्सरोडर यांनीं दाखवलें कीं, रंगाच्या लांकडांतून मिळणारें मोरिन हें द्रव्य अल्युमिनियमशीं संयोग पावतांच हिरवें चमकतें.

परंतु सर्वच धातू असे उपकारक नसतात. तांबें आणि पारा हे बहुधा प्रकाश मालवतात. आणि प्रकाश मालवला तर तो धातूमुळें, द्रव्य विरळ झाल्यामुळें, कीं दिवाच मंद झाल्यामुळें? अंधाराची साक्ष दुबळी, उजेडाची सबळ.

म्हणून रसायनशास्त्रज्ञ रेणूच हेतुपूर्वक रचूं लागले. १९६७ सालीं चार्ल्स पेडरसन यांनीं कड्यासारखे 'क्राउन ईथर' प्रसिद्ध केले. त्यांच्या पोकळींत योग्य आकाराचा विद्युद्भारित कण, म्हणजे आयन, नेमका बसतो. १९८६ सालीं श्रीलंकेचे ए. प्रसन्न डि सिल्वा यांनीं नायट्रोजनयुक्त कड्यास अँथ्रासीन हा चमकणारा घटक जोडला. एरवीं नायट्रोजनचा इलेक्ट्रॉन अँथ्रासीनचा प्रकाश दाबून ठेवतो. आयन कड्यांत बसतांच तो इलेक्ट्रॉन गुंतून पडतो आणि दिवा उजळतो. आयनास पकडणारा भाग आणि वर्दी देणारा भाग यांची ही जोडणी पुढील अनेक रचनांचा पाया ठरली.

तांब्यासारख्या प्रकाशशत्रूवरहि तोड निघाली. १९९७ सालीं अँथनी झार्निक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ऱ्होडामीन रंगापासून एक न चमकणारें संयुग योजलें. पाण्यांतील तांब्यामुळें त्यांतील एक बंध तुटतो आणि मूळचें ऱ्होडामीन झळकूं लागतें. हा पहारेकरी एकदांच साक्ष देतो, पण ती उजेडानें देतो.

तरीहि कसोटी कठीणच आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें पिण्याच्या पाण्यांत शिशाची मर्यादा लिटरमागें १० मायक्रोग्रॅम सुचविली आहे. त्याच पाण्यांत कॅल्शियम हजारों पटींनीं अधिक असूं शकतें. एवढ्या निरुपद्रवी गर्दींतून नेमका अपराधी ओळखावा आणि निरपराध्यावर आळ घेऊं नये, यांतच या चिमुकल्या साक्षीदाराची खरी योग्यता आहे.