निजामाच्या दरबारातली तसबीर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात अठराव्या शतकाचा विषय निघाला की साखरखेर्ड्याची लढाई आठवते. ऑक्टोबर १७२४ मध्ये इथे निजाम-उल-मुल्क आसफजाह यांनी मुबारिजखानाचा पराभव केला, गावाला फतेहखेर्डा हे नाव दिले आणि दख्खनमध्ये आसफजाही सत्ता उभी राहिली. लढाई आपल्याला पाठ आहे. त्या सत्तेच्या दरबारात माणसांचे चेहरे कागदावर कसे उतरत, हे मात्र कुणी सांगत नाही. त्यामुळे एक समज पक्का झाला आहे की मुसलमान दरबार आणि माणसाचे चित्र यांचे वैरच असते. मला हा समज खोडायचा आहे.

निजाम अली खान (१७६२–१८०३) यांच्या काळात हैदराबादेत दोन चित्रकारांचे नाव होते. एक तजल्ली अली शाह. ते कवी आणि सुलेखनकारही होते, आणि ‘तुझुक-ए-आसफिया’ हा इतिहासही त्यांचाच. दुसरा वेंकटचलम, व्यक्तिचित्रांसाठी ओळखला जाणारा. एक मुसलमान, एक हिंदू. कामाची परंपरा मात्र एकच.

ही परंपरा सुरू होई कागदापासून. हातकागदाचे थर एकमेकांवर चिकटवून वसली तयार करत आणि ती अकीकाच्या दगडाने घोटत. चेहऱ्याचा नमुना हरणाच्या पातळ कातडीवर उतरवत, रेषेवर सुईने बारीक भोके पाडत आणि वरून कोळशाची पूड दाबत. खाली ठिपक्यांचा खाका उमटे. एकाच उमरावाची तीच बाजूची मुद्रा अनेक चित्रांत दिसते, ती यामुळे. त्यावर पांढऱ्या रंगाचा पातळ हात देऊन रेषा पुन्हा पक्की करत. मग हिंगूळ, हरताळ, नीळ, काजळी हे रंग डिंकात कालवून थरावर थर चढवत. मधूनमधून चित्र पालथे घालून मागून घोटत, म्हणजे रंग कागदात बसे. खारीच्या केसांच्या कुंचल्याने गालाची गोलाई बारीक ठिपक्यांनी आणली जाई. याला परदाज म्हणतात. सोने आणि मोत्यांचे उठावदार पांढरे थेंब शेवटी.

त्याच सुमारास, १७९२ मध्ये, जेम्स वेल्स पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र तैलरंगात करत होता. त्याचा चेहरा छाया-प्रकाशातून घडे. दखनी चित्रकाराचा रेषेतून. दखनी चेहऱ्यावर सावली जवळजवळ नसते, तरी माणूस ओळखू येतो.

चित्राबद्दल धर्मशास्त्रात मतभेद होते आणि आहेत, ते मी नाकारत नाही. पण दरबारांनी चित्रे काढवून घेतली, हाही इतिहासच आहे. त्याची साक्ष आपल्या भाषेतही आहे. तसबीर, कागद, कलम हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले. हिंगूळ, हरताळ इथलेच. कारागिराने ते एकाच कामात वापरले. त्यांची वाटणी आपण नंतर केली.