विस्मृतीतून परतलेली तबकडी

इतिहास म्हटला म्हणजे तहनामे, सनदा आणि मोहिमा एवढ्याच गोष्टी आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु गाण्यालाही दफ्तर असते, त्या दफ्तराला धनी असतो, आणि धनी बदलला की दफ्तराचे नशीबही पालटते. एका विसरल्या गेलेल्या इंग्रजी तबकडीची कथा आज आम्ही सांगणार आहो, ती याच कारणासाठी.

१९६० नंतरच्या दशकात इंग्लंडातील तरुण मंडळी आपली जुनी लोकगीते पुन्हा गाऊ लागली. दशकाच्या उत्तरार्धात त्यांत स्वप्नवत, जाणिवांची नेहमीची चौकट सैल करणारे असे एक संगीत येऊन मिसळले. त्याला 'सायकेडेलिक' हे नाव पडले. रॉबिन विल्यमसन व माइक हेरॉन यांच्या 'इन्क्रेडिबल स्ट्रिंग बँड'ने तर आपली सतारही त्यात आणली, आणि १९६८ मध्ये त्यांची एक तबकडी तेथील खपाच्या यादीत पाचव्या क्रमांकावर जाऊन बसली. तेव्हा अशा संगीताला गिऱ्हाईकच नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही.

ज्या जोडीविषयी आम्ही बोलत आहो तिचे नाव 'ट्रेडर हॉर्न'. ज्यूडी डायबल ही १९४९ साली लंडनात जन्मलेली गायिका. 'फेअरपोर्ट कन्व्हेन्शन' या पुढे फार गाजलेल्या वाद्यवृंदाची ती पहिली गायिका होय. १९६८ मध्ये तिची जागा सँडी डेनी हिने घेतली, आणि कीर्ती आली ती त्यानंतर. तिचा जोडीदार जॅकी मॅकॉली हा उत्तर आयर्लंडचा. व्हॅन मॉरिसनच्या 'देम' या वृंदात तो काही काळ होता. म्हणजे दोघेही कीर्तीच्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेले!

त्यांची एकुलती एक मोठी तबकडी 'मॉर्निंग वे' १९७० मध्ये निघाली. ती काढणारी शाखा पाय या कंपनीची असून तिचे नाव 'डॉन', म्हणजे पहाट. ज्यूडीच्या हाती ऑटोहार्प असे. हे वाद्य आपल्या स्वरमंडळाच्या जातीचे, मात्र त्यावर पट्ट्या असतात व एक पट्टी दाबली की जुळणारे स्वर तेवढे वाजतात. जॅकी गिटार, हार्प्सिकॉर्ड, बासरी अशी नाना वाद्ये वाजवी. दोन गाण्यांच्या मध्ये लहानशा स्वरावली गुंफून सारी तबकडी त्यांनी एका सूत्रात ओवली आहे. तीत आरडाओरडा नाही, की मोठ्या तत्त्वज्ञानाचा आवही नाही.

परंतु त्याच वर्षी ज्यूडी या जोडीतून बाहेर पडली. गाणारेच नाहीत म्हटल्यावर तबकडीचा डांगोरा पिटणार कोण? १९७१ मध्ये जॅकीने स्वतःच्या नावाने एक तबकडी काढली, ज्यूडीने १९७३ च्या सुमारास गाणे सोडले. पुढे ती पतीसमवेत ध्वनिफितींच्या नकला काढण्याच्या व्यवसायात होती व नंतर ग्रंथपाल झाली. जिची स्वतःची तबकडी कोठे मिळेनाशी झाली, तिने इतरांच्या आवाजाच्या प्रती काढाव्यात आणि इतरांची पुस्तके जपावीत, हा दैवाचा खेळच म्हणायचा.

आता या तबकडीच्या दफ्तराकडे पाहू. पाय कंपनीचा ठेवा १९८९ मध्ये कॅसलकडे गेला, २००० मध्ये सँक्चुअरीकडे, २००७ मध्ये युनिव्हर्सलकडे, आणि २०१३ मध्ये बीएमजीकडे. या खरेदीखतांत 'मॉर्निंग वे' चांगली की वाईट याचा विचार कोणी केला असेल, असे आम्हांस वाटत नाही. गलबतातल्या मालाच्या तळाशी एखादे गाठोडे पडून राहावे, तशी ती किनाऱ्याकिनाऱ्याने फिरली. पण जुन्या प्रती हुडकणाऱ्या शौकिनांनी तिचे नाव जिवंत ठेवले, आणि अखेर ती पुन्हा निघाली, आधी कॉम्पॅक्ट डिस्कवर आणि मग पुन्हा मोठ्या काळ्या तबकडीच्या रूपात. व्हॅष्टी बनियन या गायिकेची कथाही अशीच आहे. १९७० मधली तिची तबकडी काही शेकड्यांतच खपली. २००० मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा कोठे तिला श्रोते लाभले आणि २००५ मध्ये तिने दुसरी तबकडी काढली.

कोणी म्हणेल, हा व्यापाऱ्यांचा खेळ आहे. जुने ते सोने म्हणून विकायचे, एवढेच! या आक्षेपात तथ्य आहे. विस्मृती हा काही गुणवत्तेचा दाखला नव्हे आणि विसरलेल्या तबकड्यांपैकी पुष्कळशा विसरण्याजोग्याच असतात. परंतु हे ठरवायचे कोणी? ऐकणाऱ्याने, की कुलूप लावून बसलेल्या धन्याने? १९७० मध्ये श्रोत्यांनी ही तबकडी ऐकून नाकारली असे घडले नाही, बहुतेकांच्या कानी ती पडलीच नाही.

ब्रिटिश कायद्याने हा प्रश्न अर्धामुर्धा ओळखला आहे. २०१३ मध्ये तेथे ध्वनिमुद्रणावरील हक्काची मुदत ५० वर्षांवरून ७० वर्षे करण्यात आली. त्याबरोबरच एक अटही आली, की ५० वर्षांनंतर कंपनी प्रती पुरेशा उपलब्ध ठेवत नसेल, तर कलावंताने तिला नोटीस द्यावी, आणि वर्षभरात ती हालली नाही तर कंपनीला दिलेला हक्क कलावंताने परत घ्यावा. जपणार नसाल तर अडवू नका, हा या अटीचा मथितार्थ. ठेवा सांभाळणे ही नुसती मालकी नसून जबाबदारी आहे, एवढे तरी यातून मान्य झाले.

२०१५ मध्ये लंडनच्या बुश हॉलमध्ये ज्यूडी व जॅकी पुन्हा एकत्र आली आणि ४५ वर्षांपूर्वीची ती गाणी लोकांसमोर गायिली. जुलै २०२० मध्ये ज्यूडी निवर्तली. पुनर्मुद्रणाचे श्रेय तिला जिवंतपणी पाहता आले. कित्येकांना तेवढेही लाभत नाही. कंपनीच्या कोठारात फीत सुरक्षित होती हे खरे, पण नुसते कोठार म्हणजे स्मृती नव्हे. कोणीतरी ते उघडायला लावावे लागते, आणि ते काम इतिहासकाराइतकेच साध्या श्रोत्याचेही आहे.