क्लॉड बस्टरचे पाठभेद

आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांकडे मागच्या दिवाळीत माळा आवरताना एक मोठे खोके निघाले. त्यांचे थोरले बंधू आखातात नोकरीला होते. १९८९ साली सुट्टीवर येताना त्यांनी ते आणले होते. आत रेडिओ-नियंत्रित ट्रक होता. शेवरोले पिकअपच्या आकाराची प्लास्टिकची बॉडी, जवळजवळ साडेसहा इंच व्यासाची चार टायरे आणि प्रत्येक आसावर एक स्वतंत्र मोटर. तामिया या जपानी कंपनीने १९८७ साली बाजारात आणलेला हा ‘क्लॉड बस्टर’. नावाचा अर्थ ढेकळे फोडणारा.

त्यावरून घरात वाद पेटला. सहकाऱ्यांना तो ट्रक होता तसा करायचा होता. अभियांत्रिकीला असलेल्या त्यांच्या चिरंजीवांना त्यातले फक्त दोन आस हवे होते. बाकीचा सांगाडा बाजूला ठेवून ते नव्या चासीला जोडायचे आणि दगडधोंड्यांवर चढणारी गाडी तयार करायची, असा त्यांचा बेत. मी चहाला गेलो होतो. दोघांचे ऐकताना वाटले, हा तर आमच्याच शाखेतला जुना तंटा आहे. मूळ संहिता कोणती, आणि तिच्यात हात घालण्याचा अधिकार कोणाला? मी त्या विषयाच्या नादी लागलो तो असा. प्रस्तुत लेख हे त्याचेच फळ.

तामियाचा आरंभ लाकडापासून झाला. १९४६ साली योशिओ तामिया यांनी शिझुओका येथे लाकडाचा व्यवसाय सुरू केला आणि थोड्याच काळात लाकडी प्रतिकृतींचे संच करायला घेतले. पुढे प्लास्टिकची लाट आली. १९६० साली निघालेला पहिला प्लास्टिकचा संच ‘यामातो’ या युद्धनौकेचा होता. त्यात तोटा झाला. त्यानंतरच्या पँथर रणगाड्याने कंपनीला तारले. योशिओंचे चिरंजीव शुनसाकु (२०२५ साली त्यांचे निधन झाले) यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग सांगितला आहे. पोर्शेची अचूक प्रतिकृती करता यावी म्हणून त्यांनी खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती पार सुटी केली. पुन्हा जोडताना मात्र पोर्शेच्या तंत्रज्ञांची मदत घ्यावी लागली. १९७६ साली आलेल्या तामियाच्या पहिल्या रेडिओ-नियंत्रित मोटारीमागे, पोर्शे ९३४ मागे, ही उकल होती. वस्तू समजून घ्यायची तर ती आधी उकलायची, ही दृष्टी या धंद्याच्या पायातच आहे. पदच्छेद आणि अन्वय शिकवणाऱ्यांना ती परकी वाटू नये.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. तामियाच्या खोक्यात खेळणे नसते. सुटे भाग असतात. अ, ब, क अशा अक्षरांच्या पिशव्या, चौकटीला चिकटलेले क्रमांकित तुकडे, ग्रीसची छोटी नळी, आणि एक पुस्तिका. ही पुस्तिका म्हणजे स्वतंत्र वाङ्मयप्रकारच म्हणावा लागेल. तिच्यात शब्द कमी. जे असतात ते अनेक भाषांत असतात. सगळा भार रेखाचित्रांवर. यंत्राचे भाग हवेत अलग तरंगताना दाखवलेले, त्यांच्यामधून बारीक रेषा गेलेल्या. स्क्रू तर खऱ्या आकारात छापलेले, म्हणजे हातातला स्क्रू कागदावर ठेवून ताडून पाहता यावा. कर्ता अध्याहृत आणि क्रियापद वाचकाच्या बोटांत, अशी ही संहिता. वाचणाऱ्याने जुळणी केल्याशिवाय ती पूर्णच होत नाही. वाचकाचा सहभाग हा विषय आपण वर्गात फार अवघड करून शिकवतो.

जुळणी करणारा एकदा सहकर्ता झाला की त्याला थांबवता येत नाही. पहिला बदल बहुधा बुशचा. आस ज्यात फिरतो त्या जागी तामियाच्या बहुतेक संचांत प्लास्टिकचे किंवा धातूचे साधे बुश येतात. ते काढून बॉल-बेअरिंग घालायचे, हा या छंदाचा जवळजवळ संस्कारविधी आहे. घर्षण कमी होते, बॅटरी जास्त टिकते. कंपनीलाही हे ठाऊक असते. ‘हॉप-अप ऑप्शन्स’ या नावाने ती सुधारित भाग स्वतःच वेगळे विकते. आधी उणीव विकायची आणि मग तिची पूर्तता, हा व्यवहार मला पूर्णतः पटत नाही. पण लोक त्याला फसवणूक मानत नाहीत, निमंत्रण मानतात, हेही खरे.

आता मातीवरच्या गाड्यांकडे वळू. १९७९ साली तामियाने ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन गाड्या काढल्या. दुसरी फोक्सवॅगन बीटलवर बेतलेली, पुढचे सस्पेन्शनही खऱ्या बीटलच्या धर्तीचे, आणि रेडिओ पाण्यापासून वाचावा म्हणून बंद डबीत ठेवलेला. १९८१ साली टोयोटा हायलक्स आली. ही खऱ्या अर्थाने ट्रक होती. खाली धातूची शिडीसारखी चासी, चारही चाकांना गती, तीन गिअर (रेडिओवरूनच बदलायचे), आणि आपल्याकडच्या मालट्रकखाली दिसतात तसे पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या. १९८५ साली आलेली ‘ब्रुझर’ हिचीच वारसदार. या गाड्या वजनदार आणि संथ होत्या. वास्तववादी कादंबरीसारख्या तपशिलांनी जड.

त्याच सुमारास शर्यतींचे वारे आले. १९८४ साली अमेरिकेतील टीम असोसिएटेड या कंपनीची ‘आरसी-१०’ निघाली. सोनेरी मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची चासी, प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होईल असे लांब हात, तेल भरलेले शॉकअप. खऱ्या कुठल्या मोटारीसारखे दिसण्याची तिला गरज वाटली नाही. १९८५ साली कॅलिफोर्नियात मातीवरच्या गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा दोन चाकांना गती असलेल्या गटात आरसी-१० जिंकली. त्यानंतर पाटे आणि अखंड आस हे जुनाट वाटू लागले. अखंड आसाला दोन्ही चाके एकाच दांड्याच्या टोकांना असल्यासारखी बांधलेली असतात. एक उचलले की दुसरे कलते. वेगात हे वजन उसळते आणि गाडी हातातून जाते. शर्यतीच्या व्याकरणात अखंड आस अशुद्ध ठरला.

आणि अशा वेळी, १९८७ साली, क्लॉड बस्टर आला तो दोन अखंड आस घेऊन. हा जुनेपणा आला कोठून? सेंट लुईसजवळ फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचे दुकान चालवणारे बॉब चँडलर यांनी आपला १९७४ सालचा फोर्ड पिकअप वर्षानुवर्षे बदलत नेला होता. काही मोडले की त्या जागी अधिक दणकट भाग, मोठी चाके, ती पेलणारे जड आस, मागच्या चाकांनाही वळण. १९८१ साली एका शेतात दोन भंगार मोटारींवरून त्यांनी तो चालवून नेला. ‘बिगफूट’ म्हणून तो प्रसिद्ध झाला आणि ‘मॉन्स्टर ट्रक’ नावाचा प्रकार रुजला. क्लॉड बस्टरची चारही चाके वळतात, टायरे अवाढव्य आहेत, ती या प्रकारामुळे. म्हणजे ज्या वस्तूला माझे सहकारी ‘मूळ’ म्हणत होते, ती एका फेरफार केलेल्या वाहनाच्या परंपरेची प्रतिकृती होती. मुळाच्या आधी टीका होती.

या ट्रकात दोष भरपूर. दोन मोटरी एकाच ७.२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणार, म्हणजे बॅटरी लवकर संपणार. वेगनियंत्रक यांत्रिक होता. सर्व्हो नावाची छोटी मोटर एक हात सरकवते, त्याने वीज रोधकातून कमीजास्त जाते आणि उरलेली उष्णता होऊन वाया जाते. सर्वांत मोठी अडचण वळणाची. दिशा देणारा सर्व्हो मध्ये चासीवर, आणि तेथून लांब दांड्या दोन्ही आसांकडे गेलेल्या. आस खड्ड्यात वरखाली झाला की दांडी ओढली जाते आणि कोणी न सांगता चाके वळतात. त्यावर लोकांनी साधा उपाय केला: सर्व्हो चासीवरून काढून थेट आसावर बसवला. मग आस आणि सर्व्हो एकत्रच हलतात आणि दांडीला ओढण्याचे कारण उरत नाही. हा उपाय अनेकांनी आपापल्या बाकावर केला आणि एकमेकांचा पाहून सुधारला. आमच्याकडे अभंगांच्या वह्यांत पाठभेद असेच साचले.

खरे वळण पुढे आले. दगडांवर चढण्याच्या स्पर्धा सुरू झाल्या. तेथे वेगाला किंमत नव्हती. चाक जमिनीला टेकलेले राहणे महत्त्वाचे. अखंड आसाचा दोष तेथे गुण झाला: एक चाक दगडावर चढले की दुसरे खाली दाबले जाते, आणि आसाची जमिनीपासूनची उंची बदलत नाही. क्लॉड बस्टरच्या आसावर तर मोटर आणि गिअर दोन्ही असल्यामुळे मध्ये फिरणारा दांडाच नको. लोकांनी मूळ चासी टाकली, दोन पत्र्यांची किंवा नळ्यांची हलकी चासी केली आणि आस चार दांड्यांवर टांगले. डिफरन्शिअल गोठवले, कारण एक चाक हवेत गेले की सगळी गती त्याच चाकाला मिळते आणि गाडी जागीच राहते. चाकांच्या आत शिशाची वजने चिकटवली, गुरुत्वमध्य खाली यावा म्हणून. दोन मोटरींना दोन वेगळे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक दिले, की मागची चाके रोखून धरायची आणि पुढच्यांनी गाडी जागच्या जागी वळवायची. क्लॉड बस्टरचे आता फक्त आस उरले होते, आणि त्याच्या इतिहासातला हाच सर्वांत जिवंत काळ होता असे माझे मत आहे.

कारखाने हे पाहत होतेच. २००७च्या सुमारास अमेरिकेतील ॲक्सियल या कंपनीने ‘एएक्स-१० स्कॉर्पियन’ हा तयार संच काढला. लोकांनी बाकावर केलेली कामे त्यात खोक्यातूनच मिळू लागली. २००९ साली त्यांचाच ‘एससीएक्स-१०’ आला. शिडीची चासी, अखंड आस, वर खऱ्या जीपसारखी बॉडी. छंद फिरून हायलक्सच्या दाराशी पोहोचला होता. २०१२ साली तामियाने ब्रुझर पुन्हा काढली. त्याआधी २०१० साली सँड स्कॉर्चर. आता संग्राहक भागांवरच्या साच्यांच्या खुणा तपासतात: हा तुकडा पहिल्या आवृत्तीचा की नव्या? एकाच गाडीत दोन्हींचे मिश्रण असेल तर किंमत कशी लावायची? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि राजवाड्यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून दुसरी प्रत छापली, तेव्हापासून आपण जे भांडत आलो त्याचीच ही प्लास्टिकमधली आवृत्ती. (तुलना काहींना अनादराची वाटेल. मला ती विषयाची नव्हे, कामाच्या पद्धतीची वाटते.)

सहकाऱ्यांच्या घरचा वाद मध्यंतरी तहावर आला. मुलाने आस घ्यायचे, पण मूळ चासीला नवे भोक पाडायचे नाही. डिफरन्शिअल गोठवायचे तर एपॉक्सी नको, घट्ट पुटी भरायची. उद्या कोणाला कोरून काढता आली पाहिजे. ठरल्याप्रमाणे रविवारी वर्तमानपत्र अंथरून पुढचा आस उघडला. आत प्लास्टिकचे बुश असतील अशी सगळ्यांची समजूत. निघाली बॉल-बेअरिंग, काळ्या पडलेल्या ग्रीसमध्ये. पुस्तिका पुन्हा चाळली तेव्हा त्या पायरीच्या समासात बंधूंच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेले दिसले: ‘बुश काढले, बे. घातली. आवाज कमी.’ आणखी दोन पानांनंतर एका दांडीवर फुली मारून शेजारी वेगळी लांबी लिहिली होती. गाडीतली दांडी मोजली. ती त्या लांबीचीच होती.

सहकाऱ्यांनी बंधूंना फोन लावला. आता ते सत्तरीचे आहेत. बुश कुठे ठेवले होतेस, असे विचारले. त्यांना बेअरिंग घातल्याचेच आठवेना. मुलगा तोवर बेअरिंग रॉकेलमध्ये धूत बसला होता, आणि माळ्यावर आणखी एखादी छोटी डबी आहे का ते पाहायला आम्ही दोघे शिडी लावत होतो.