डिस्क वाकली, म्हणे!

ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरायला लागलं की गॅरेजमध्ये एकच उत्तर मिळतं, "साहेब, डिस्क वाकली." मुंबईत जा, पुण्यात जा, नाहीतर खेडला. उपायही ठरलेला: डिस्क लेथवर टर्न करा, नाहीतर नवी घाला. गंमत म्हणजे थरथर खरंच जाते! आणि चार-पाच महिन्यांनी गुपचूप परत येते. आयटीच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर रिस्टार्ट केल्यावर चालला म्हणून तिकीट बंद करण्यातला हा प्रकार.

या विकांताला या थरथरीच्या इतिहासात जरा डोकवायचा बेत आहे. (शिक्षण मेकॅनिकलचं आणि पोटापाण्याला जावा, त्यामुळे असा विषय मिळाला की अस्मादिक जरा जास्तच रंगतात. सांभाळून घ्या.)

डिस्क ब्रेक आपल्याला आधुनिक वाटतो, पण बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरनं त्याचं पेटंट १९०२ साली घेतलं. कल्पना अगदी साधी. चाकाबरोबर फिरणारी धातूची पातळ चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. पण घर्षणासाठी वापरलेलं तांबं धुळीच्या रस्त्यांवर भराभर झिजायचं, आणि धातूवर धातू घासून जो आवाज निघायचा तो ऐकून रस्त्यावरचे घोडे काय करत असतील देव जाणे. त्यावर उपाय केला हर्बर्ट फ्रूडनं, अ‍ॅस्बेस्टॉसचं लायनिंग लावून. (फ्रूडच्या अक्षरांची उलटापालट करून आणि त्यात एक 'ई' घालून 'फेरोडो' हे नाव झालं. हे ब्रेक लायनिंगवर आजही दिसतं. अ‍ॅस्बेस्टॉस फुप्फुसांचं काय करतं हे मात्र जगाला फार उशिरा कळलं.)

तरी पुढची चाळीसेक वर्षं मोटारींवर राज्य केलं ड्रम ब्रेकनंच. डिस्कला खरं काम मिळालं ते विमानांत. तिथून ती परत मोटारीत आणायचं धाडस केलं अमेरिकेतल्या पॉवेल क्रॉस्लीनं. हा मूळचा सिनसिनाटीचा रेडिओवाला. १९४९ साली त्यानं आपल्या चिमुकल्या 'हॉटशॉट'च्या चारही चाकांना गुडइयर-हॉली कंपनीचे, विमानांसाठी बनवलेल्या जातीचे डिस्क ब्रेक लावले. गाडी उत्तम थांबायची. पण हिवाळा आला, बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकलं गेलं, आणि त्या खारट चिखलानं ब्रेक गंजून जाम व्हायला लागले. १९५० मध्ये क्रॉस्ली मुकाट्यानं ड्रमवर परत गेला.

डिस्कचा इतिहास सांगताना लोक ही गोष्ट गाळतात आणि थेट १९५३ च्या ल मांवर उडी मारतात. तिथे डनलॉपचे डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार सी-टाइपनं शर्यत जिंकली, टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन हे चालक. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएसनं डिस्क घराघरांत नेली. आपल्याकडे तेव्हा कुर्ल्याची प्रीमियर आणि उत्तरपाड्याची हिंदुस्तान मोटर्स. दोघांच्याही गाड्यांना पुढे कित्येक वर्षं चारही चाकांना ड्रम. आमच्या आधीच्या पिढीनं खंडाळ्याचा आणि कशेडीचा घाट त्याच ड्रमवर उतरलाय, अर्ध्या वाटेत थांबून, ब्रेक थंड करत. असो.

मला जिंकलेल्या जॅग्वारपेक्षा हरलेला क्रॉस्ली जास्त महत्त्वाचा वाटतो. कारण मीठ आणि हवा मिळून लोखंडाचं काय करतात हे बघायला सिनसिनाटीला जायला नको, दाभोळ पुरे.

दाभोळ म्हटलं की लोकांना एन्रॉन आठवतं. तो प्रकल्प खरं म्हणजे खाडीच्या पलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला. अलीकडे आहे ते जुनं बंदर, ज्याच्यावर पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय अल्मेडा १५०८ च्या डिसेंबरअखेरीस तुटून पडला. वाशिष्ठी इथे समुद्राला मिळते. वाऱ्यात बारा महिने मीठ आणि पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाणी. खिडकीचे गज, दाराच्या कड्या, सायकलची चेन, काहीच सुटत नाही. तिथे माझ्या मामाची हॅचबॅक माडाखाली उभी असते.

तिच्या पुढच्या डिस्क दोनदा बदलून झाल्या होत्या, मध्ये एकदा लेथवरही जाऊन आल्या होत्या. प्रत्येक वेळी तीन-चार हजार किलोमीटर छान जायचे आणि मग ८० च्या वेगाला ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात नाचायचं. पैसे गेले ते गेलेच, पण मला घोर लागला तो वेगळ्याच गोष्टीचा. मामा ब्रेक दाबायला घाबरायला लागला होता. दापोलीहून येताना उतारावर थरथर सुरू झाली की तो पाय उचलायचा! गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मामीला दर आठवड्याला दापोलीला न्यावं लागे, तिनं रात्री गाडीत बसणार नाही असं जाहीर केलं होतं. गाडी विकायचं ठरत आलं होतं. "तू इंजिनिअर ना रे? मग सांग आता," असं मामानं फोनवर म्हटल्यावर मी सुट्टी टाकली.

आता थोडं गणित. त्या गाडीच्या चाकाचा परीघ साधारण १.८ मीटर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला १२ फेरे. थरथर फेऱ्याला एक असेल तर सेकंदाला १२ झटके. वेग उतरला की झटक्यांची गती त्याच प्रमाणात उतरली पाहिजे, आणि ती उतरत होती. म्हणजे दोष चाकाबरोबर फिरणाऱ्या वस्तूत. स्टिअरिंग हलतंय म्हणजे पुढची चाकं. (सीट हलत असती तर आधी मागे बघितलं असतं.) आणि घाटात ब्रेक तापल्यावरच येते का? नाही, सकाळी पहिल्या ब्रेकलाच येते.

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण तापल्यावरची थरथर ही वेगळीच जात आहे. घासणाऱ्या पृष्ठभागाचा एखादा भाग जरा जास्त तापतो, म्हणून फुगतो, म्हणून जास्त घासतो, म्हणून आणखी तापतो. हे दुष्टचक्र जे. आर. बार्बर या इंग्रज संशोधकानं १९६९ साली गणितानं मांडलं. अशा डिस्कवर निळसर डाग दिसतात. मामाच्या डिस्कवर ते नव्हते.

मग राहिली थंड थरथर, आणि तिचं कारण 'वाकणं' हे क्वचितच असतं. १९६० च्या दशकात फोर्डच्या ल मां मोहिमेत काम केलेला कॅरोल स्मिथ हा अमेरिकन माणूस हेच जीव तोडून सांगत असे. लोक ज्याला वाकलेली डिस्क म्हणतात ती त्याच्या मते पॅडचा माल असमान चिकटलेली डिस्क असते. दुसरा प्रकार आपल्या मामलेदाराला, म्हणजे मामाला, लागू होणारा: डिस्कची जाडीच सगळीकडे सारखी नसणं. पंधरा-वीस मायक्रॉनचा फरकही हाताला कळतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज करा.

पण नव्या डिस्कची जाडी सारखीच असते. मग ती चार महिन्यांत कशी बिघडते? इथे खरी मेख आहे. डिस्क हबवर किंचित तिरकी बसली तर पहिल्या दिवशी काहीच कळत नाही, कारण कॅलिपर तिच्याबरोबर इकडेतिकडे सरकतो. मात्र ब्रेक सोडलेला असतानाही तिचा पुढे आलेला भाग दर फेऱ्याला पॅडला हलकेच चाटून जातो. लाखो फेऱ्यांत तेवढाच भाग झिजतो, आणि तिरकेपणाचं रूपांतर जाडीच्या फरकात होतं. म्हणजे नवी डिस्क ही रोगाची बळी, रोग नव्हे!

लोट्याच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून डायल गेज आणि मायक्रोमीटर दोन दिवसांच्या बोलीवर आणलं. डाव्या डिस्कवर खडूनं आठ खुणा करून जाडी मोजली, फरक २५ मायक्रॉन. नट नीट आवळून डिस्कच्या कडेला डायल लावला, डोलणं ०.१२ मिलिमीटर. ०.०५ च्या पुढे गेलं तर मी तरी काळजी करीन. आता डिस्क वाकडी की बैठक वाकडी? डिस्क काढली, एक भोक पुढे सरकवून परत बसवली आणि पुन्हा मोजलं. डिस्क वाकडी असती तर उंचवटा तिच्याबरोबर सरकला असता. तो सरकला नाही, हबवरच्या खुणेपाशीच राहिला.

हबच्या तोंडावर बोल्टांभोवती तपकिरी पापुद्रा होता, जुन्या कुंभारी कौलासारखा. त्यावरच दोनदा नवी डिस्क दाबून बसवली गेली होती. ६० मिलिमीटर त्रिज्येवर ०.०५ चा गंज असेल तर १२० त्रिज्येच्या कडेवर तो दुप्पट होतो, एवढी साधी भूमिती. वायर ब्रश आणि पॉलिश पेपर घेऊन तासभर घासलं, शेजारचा मुलगा टॉर्च धरून. डोलणं आलं ०.०३ वर. उजवीकडेही थोड्याफार फरकानं तीच कथा. कडेवर कोरलेल्या किमान जाडीपेक्षा डिस्क अजून बऱ्याच जाड होत्या, म्हणून फक्त टर्न करून आणल्या. नट समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं आवळले. खर्चात सगळ्यात महाग पडली ती लेथवाल्याला नेलेली आंब्याची पेटी.

त्याला दोन पावसाळे झाले. थरथर नाही. मामी रात्रीची दापोलीहून येते, वर मामाला "जरा जोरात दाब की ब्रेक" असंही सांगते म्हणे. मामा गाडी लावण्याआधी शेवटच्या वळणापासून दोन-चारदा ब्रेक दाबून डिस्क कोरडी करतो आणि हँडब्रेक न लावता चाकाखाली दगड ठेवतो. दगड ठेवणं मी शिकवलेलं नाही. कोकणात ड्रमला शू चिकटू नयेत म्हणून लोक ते फार आधीपासून करत आलेत.

आता विजेच्या गाड्यांनी यात नवीन भर घातलीय. त्या मोटर उलटी वापरून वेग कमी करतात, त्यामुळे ब्रेक फारसा घासलाच जात नाही आणि डिस्कवरचा गंज पुसायला कुणी उरत नाही. फोक्सवॅगननं २०२० मध्ये आणलेल्या आयडी थ्री या विजेच्या गाडीला मागे डिस्क लावली नाही. दिलेल्या कारणांत एक गंजाचंही होतं. लावले ते ड्रम, क्रॉस्लीनं १९५० मध्ये लावले होते तसेच.