हवाई बेटांतील बाहुली : देवप्रतिमा आणि लोकनाट्य

बाहुलीचा इतिहास हा बहुधा धर्माच्या इतिहासाचा परिशिष्टभाग मानला जातो. पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांच्या बाबतीत ही विभागणी टिकत नाही. तेथील भाषेत ‘कीई’ हा एकच शब्द देवमूर्ती, चित्र आणि बाहुली या तिन्हींसाठी वापरला जातो. शब्द एक असला तरी त्यामागील कल्पना मात्र एक नव्हत्या; त्यांतील भेद ध्यानात घेतल्याखेरीज या बाहुल्यांचे मर्म उलगडत नाही.

प्राचीन हवाईतील देवप्रतिमा घडविणे हे विधियुक्त कर्म होते. लाकडी मूर्तींप्रमाणेच तेथे पिसांच्या देवप्रतिमाही होत्या. वेलीच्या मुळांचा टोपलीसारखा सांगाडा, त्यावर ओलोना या वनस्पतीच्या धाग्याचे जाळे, जाळ्यात गुंफलेली लाल-पिवळी पिसे, शिंपल्याचे डोळे आणि कुत्र्याचे दात अशी त्यांची घडण असे. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत अशा काही प्रतिमा युरोपात पोहोचल्या व पुढे ब्रिटिश म्युझियममध्ये विसावल्या.

नृत्यदेवता लाका हिचे रूप मात्र याहून वेगळे होते. हुला नृत्याच्या शाळेतील वेदीवर तिच्या जागी लामा वृक्षाच्या लाकडाचा न कोरलेला ठोकळा ठेवीत आणि त्यावर हळदीचा गंध असलेले पिवळे ‘कापा’ वस्त्र गुंडाळीत. ‘लामा’ या शब्दाचा एक अर्थ प्रकाश असाही आहे. आपल्याकडील तांदळ्याशी परिचित असलेल्या वाचकाला या निराकार पूजेचे नवल वाटू नये. याच नृत्यपरंपरेत ‘हुला कीई’ हा बाहुल्यांचा खेळही होता. नॅथॅनिएल इमर्सन यांनी 1909 मध्ये प्रसिद्ध केलेल्या हुलाविषयक ग्रंथात त्याचे वर्णन आढळते. पडद्याआडच्या सूत्रधाराच्या हातातील या बाहुल्यांत बढाईखोर योद्धा माकाकू आहे, लहानखुरा पण धीट पुआपुआकेआ आहे आणि बायकांच्या मागे हिंडणारा एक सडाफटिंगही आहे. तात्पर्य, देवतेला चेहरा नाही आणि हास्यास्पद माणसांना मात्र ठसठशीत चेहरे आहेत. हुलाची शाळा या दोहोंना एकाच छपराखाली नांदवीत होती, ही या परंपरेची प्रगल्भता म्हणावी लागेल.

1819 मध्ये तरुण राजा लिहोलिहो याने स्त्रियांच्या पंगतीत बसून जेवण केले आणि ‘कापू’ ही निषेधव्यवस्था मोडली. राणी काआहुमानू हिचा त्याला पाठिंबा होता. मंदिरे मोडली गेली, असंख्य मूर्ती जाळल्या गेल्या. अमेरिकन मिशनरी त्यानंतर, 1820 मध्ये आले. मूर्तिभंजनाचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणे म्हणूनच इतिहासाला धरून होणार नाही. मात्र 1830 मध्ये काआहुमानूने जाहीर हुलावर घातलेल्या बंदीमागे त्यांच्या शिकवणुकीचा प्रभाव निश्चित होता.

हुलाला राजाश्रय पुन्हा मिळाला तो कालाकाउआ या राजाकडून. 1881 मध्ये जगप्रदक्षिणा करताना हा राजा कलकत्ता व मुंबई येथेही येऊन गेला होता. 1883 मधील त्याच्या राज्याभिषेकसमारंभात हुला जाहीरपणे सादर झाला, तेव्हा गीतांची कार्यक्रमपत्रिका छापणाऱ्यांवर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्याच्या राजवटीत बाहुल्यांचा खेळही पुन्हा उभा राहिला. आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. या खेळाची नोंद आपल्यापर्यंत पोहोचविणारे इमर्सन हे मिशनरी घराण्यातले होते.

1893 मध्ये राजसत्ता उलथविली गेली आणि 1898 मध्ये बेटे अमेरिकेत विलीन झाली. विसाव्या शतकात जगाने हवाईची बाहुली म्हणून ओळखली ती मोटारीच्या काचेमागे कंबर हलविणारी नर्तकी. तिचा गवती घागरादेखील मुळात गिल्बर्ट बेटांवरून आलेला. तिला पात्र नाही, संवाद नाही, थट्टा करण्याचा अधिकार नाही. ती केवळ पाहिली जाते.

1970 नंतरच्या सांस्कृतिक पुनरुत्थानात झाडाच्या सालीपासून कापा कुटण्याची लुप्त झालेली विद्या पुन्हा शिकली गेली, हुला कीईचेही पुनरुज्जीवन झाले. आज हवाईच्या लोककथांवरून हाताने बाहुल्या घडविणाऱ्यांपुढचा प्रश्न केवळ कौशल्याचा नाही. ज्वालामुखीची देवता पेले हिला कापडाचा देह आणि रंगविलेले डोळे देताना आपण पूज्य प्रतिमा घडवीत आहोत, नाट्यपात्र घडवीत आहोत की विक्रीची वस्तू, हे त्यांना ठरवावे लागते. जुन्या परंपरेने याचे काही उत्तर देऊन ठेवले आहे. माकाकूला हवा तेवढा विक्राळ चेहरा द्यावा. पण वेदीवरच्या ठोकळ्याला छिन्नी लावू नये. कोणत्या लाकडावर हत्यार चालवायचे नाही हे ठाऊक असणे, हाही त्या कारागिरीचाच भाग होता.