सभासद-यादी व उमेदवारांचा प्रचारहक्क (अमेरिकी कामगार संघटना)
अमेरिकेतील कामगार संघटनांच्या पदाधिकारी-निवडणुकांत उमेदवाराला सभासदांपर्यंत पोहोचण्याचा जो हक्क मिळतो, तो १९५९ च्या लँड्रम-ग्रिफिन कायद्यातून आला असून, उमेदवाराने खर्च सोसल्यास त्याचे प्रचारसाहित्य सभासदांना पाठविणे संघटनेवर बंधनकारक आहे. सभासदत्व ही नोकरीची अट असलेल्या ठिकाणी निवडणुकीपूर्वीच्या तीस दिवसांत एकदा यादी पाहता येते. मात्र तिची नक्कल घेण्याचा हक्क कायदा देत नाही. संघटनेकडे ईमेल-पत्ते असल्यास प्रचार त्या मार्गानेही पाठविण्याची वाजवी मागणी मान्य करावी लागते. पत्ते मात्र संघटनेच्याच हाती राहतात, आणि सत्ताधारी गटाचे खरे बळ येथेच आहे. मागणीचा वाजवीपणा संघटनेच्या नियमांवरून ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये जहाजी अधिकाऱ्यांच्या संघटनेविरुद्धच्या खटल्यात स्पष्ट केले.